कामाचा हात

आई डावरी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला होतं, शेजारच्या गंगाकाकूंना होतं, दूध घालायला येणाऱ्या गवळ्याला होतं. मांजरालासुद्धा असावं, कारण ते दुधाच्या पातेल्यापाशी यायचं ते नेहमी आईच्या उजव्या अंगानं. डाव्या हातात काय असेल याचा नेम नसे. माहीत नव्हतं ते फक्त एका माणसाला, आणि तो माणूस तिचा नवरा होता. माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणतो. एकाच छपराखाली सतरा-अठरा वर्षांचा संसार झाला होता, मी मॅट्रिकला बसायच्या वयाची झाले होते, तरी या गृहस्थांना बायकोचा कामाचा हात कोणता ते ठाऊक नव्हतं. हे एखाद्या कारकुनाच्या घरी घडलं असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण नाना जळगावातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. बघणं हाच त्यांचा धंदा होता.

आणि त्या बघण्याचा त्यांना काय अभिमान! चित्रांच्या वह्या तपासताना नाव झाकून ते सांगायचे, "हा डावरा." उजवा माणूस शेडिंगच्या रेघा एकीकडे कलत्या मारतो, डावरा दुसरीकडे, हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो कधी चुकायचा नाही. मग त्या पोराला पुढं बोलवायचं, पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्यात द्यायची आणि डाव्या बोटांवर पट्टीचा हलकासा प्रसाद ठेवायचा. "विद्येला डावा हात चालत नाही, बेटा." हे सगळं ते घरी येऊन जेवताना रंगवून सांगत, आज कितीजण पकडले ते. आणि त्यांच्या समोर वाकून आई उजव्या हातानं त्यांच्या पानात वरण वाढत असायची. मी खाली पानात बघत राहायची. आई मात्र "अजून घ्या ना थोडं," म्हणत शांतपणे पुढं सरकायची.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बायकांना घरातला एक आणि बाहेरचा एक असे दोन हात असतात. आईचा बाहेरचा हात उजवा होता. त्यानं ती वाढायची, हळदीकुंकू लावायची, प्रसाद घ्यायची आणि नानांच्या हातात चहाची बशी द्यायची. घरातला हात डावा. त्यानं ती ठेचा कुटायची, भाकरी थापायची, भाजलेल्या वांग्यांचं भरीत बडगीत घालून असं ठेचायची की लाकडाच्या त्या भांड्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जावा. नाना घरात आले की बाहेरचा हात पुढं आणि घरातला मागं. पुरुषमाणसानं स्वयंपाकघरात डोकवायची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे हे निभावून जायचं. आईचं माहेर धुळ्याकडचं. लग्न ठरायच्या वेळी तिच्या वडिलांना, म्हणजे आबांना, कुणीतरी घाबरवलं होतं की डाव्या हातानं वाढणारी सून दिसली तर पंगत उठून जाईल. झालं. आबांनी तिला महिनोन्महिने उजव्या हातानं वाढायला शिकवलं, पळीत पाणी घेऊन. बघायच्या कार्यक्रमात नाना आले तर त्यांनी वाढायला सांगितलंच नाही. मास्तर ना ते! कागद पुढं केला आणि म्हणाले, "नाव लिहून दाखवा." तिनं उजव्या हातानं जे काय लिहिलं ते बघून नानांना तिची दया आली म्हणे. पुढं कितीतरी वर्षं ते आल्यागेल्याला सांगायचे, "बाकी सगळं उत्तम आहे, फक्त अक्षर तेवढं नाही बिचारीचं." बिचारी ते ऐकून पदर सावरायची.

तर अशा या घरात एका उन्हाळ्याच्या सुटीत नानांनी ओटा करायचं ठरवलं. तोवर आई खाली बसून रांधायची. गॅस आला होता तोही जमिनीवरच, एका फरशीच्या तुकड्यावर ठेवलेला. नाना कुठल्याशा पालकाच्या घरी चहाला गेले आणि तिथं त्यांनी कडप्प्याचा ओटा पाहिला, काटकोनात वळलेला. त्याच पावली घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "तू आता उभ्यानं स्वयंपाक करणार." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की आईनं नकळत हात जोडले. आरेखन सगळं ते स्वतः करणार होते. मिस्त्री फक्त ते सांगतील तिथं कापणार आणि सांगतील तिथं ठेवणार. त्यांनी पुठ्ठे आणले, टेप आणला, काटकोन तपासायचा गुण्या आणला. आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा त्यांनी इतक्या बारकाईनं काढला की त्यात फडताळाच्या दाराची तुटलेली कडीसुद्धा होती.

ओट्याची लांब बाजू पूर्वेला खिडकीखाली येणार होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. प्रश्न होता तो आखूड बाजूचा. ती काटकोनात कुठं वळवायची, उजवीकडं की डावीकडं? तिकडं काठवट राहणार, थापणं-लाटणं तिकडं. आणि गॅस जाणार त्याच्या विरुद्ध टोकाला, भिंतीला चिकटून. तेव्हा नानांनी जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरात मांडी ठोकून बायकोचं मत विचारलं. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. आई खलबत्त्यात मिरच्या-लसूण कुटत होती, बत्ता डाव्या हातात. नाना पुठ्ठ्यावर ओणवे होऊन म्हणाले, "कामाची बाजू कुठं हवी तुला?" आईचा बत्ता एकदम थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग नानांच्या टकलाकडं पाहिलं, आणि तिला फार खरं काही बोलायचं असलं की यायची ती माहेरची बोली तोंडात आली. "कामना हातकडे," ती म्हणाली. म्हणजे कामाच्या हाताकडं. आणि बत्ता तसाच वर धरून वाट बघत राहिली. मान वर केली असती तर तो बत्ता नानांना नाकासमोर दिसला असता. नानांनी मान वर केली नाही. "अर्थात," असं म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, उजवी. आईनं मग त्या मिरच्यांचा असा काही भुगा केला की त्या दिवशीच्या ठेच्यानं आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

चिंधा मिस्त्री आला तो कापायचं मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून. चांगला माणूस, पण कामाला आळशी. नानांचा पुठ्ठा बघूनच त्याचा चेहरा उतरला, कारण नानांनी दोन्ही फरशांची टोकं तिरकी काढली होती. फोटोच्या चौकटीचा कोपरा जसा दोन तिरक्या काठ्यांनी जुळतो तसा सांधा त्यांना हवा होता. मिस्त्री म्हणाला, "सरळ जोड मारी देऊ ना मास्तर. कोन देखस?" नाना म्हणाले, "मी बघतो. सांधा दिसता कामा नये." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. चित्र चिकटवताना, पुस्तकाला कव्हर घालताना, माझ्या फाटक्या दप्तराला ठिगळ लावताना ते हेच म्हणायचे. स्वतःच्या बोलण्यातली गावाकडची बोलीही त्यांनी अशीच पुसून काढली होती.

मग अंगणात कडप्पा कापायचा सोहळा झाला. जळगावचा वैशाख, त्यात काळा दगड. सकाळी नऊनंतर त्याला हात लावायची सोय नव्हती. मिस्त्री मशीन चालवायचा, मी तांब्यानं पात्यावर पाणी धरायची आणि नाना डोक्याला ओला पंचा गुंडाळून गुण्या लावून ओरडायचे, "रेषेवर! रेषेवर!" मशीनच्या किंचाळण्यानं गल्लीतली कुत्री कामाला लागली. काळा राडा अंगणभर झाला. मध्येच वीज जायची, मग सगळेच माठापाशी बसून राहायचे. स्वयंपाक मागच्या दारी कडुनिंबाखाली हलवला होता, आणि त्या दिवसांत आम्ही जे वरण खाल्लं त्यात तूरडाळ किती आणि कडप्पा किती हे देव जाणे. पण टोकं मात्र कापली गेली तंतोतंत. दोन्ही फरशा जुळवून ठेवल्या तर मधून केस जाईना. नाना हरखून गेले. गंगाकाकूंना बोलावून त्यांनी सांधा शोधायला लावला, आणि त्या भल्या बाईनंही दिसत असून न दिसल्यासारखं केलं.

विटांच्या आधारांवर फरशा आधी नुसत्याच ठेवून बघितल्या, सिमेंट नंतर. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि नाना म्हणाले, "आता एक भाकरी कर, उभ्यानं." आई उभी राहिली. गॅस डाव्या भिंतीला चिकटलेला, काठवट उजवीकडं. नाना समोरच असल्यामुळे तिनं बाहेरच्या हातानं, म्हणजे उजव्यानं, भाकरी थापायला घेतली. जिच्या भाकरीचा पापुद्रा बोटानं उचलावा, तिच्या हातून त्या दिवशी एक लांबट, फाटकी, नकाशातल्या बेटासारखी वस्तू तव्यावर पडली. "उंची चुकली," नाना लगेच म्हणाले. नाना शाळेच्या कामानं बाहेर गेले तशी आईनं दुसरी भाकरी डाव्या हातानं करून पाहिली. काठवट उजवीकडं, म्हणून हात अंगावरून आडवा न्यायचा, आणि भाकरी तव्यावर उलटायला गेलं की कोपर भिंतीवर आपटायचं. ठण्‌. मी म्हटलं, "आई, सांग ना त्यांना. अजून सिमेंट लागलं नाही." ती म्हणाली, "काय सांगू? तुमच्या सासऱ्यानं फसवलं तुम्हाला, असं सांगू?" मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा नुसता हाताचा प्रश्न नाही. बोलली तर आबांची आणि तिची इतक्या वर्षांची लपवाछपवी उघडी पडणार होती, तीही अशा माणसापुढं जो डावऱ्यांना पट्टी मारतो. आणि गप्प राहिली तर उरलेला सगळा जन्म त्या दगडापुढं वाकड्या अंगानं उभं राहायचं होतं. मला तिचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी मागच्या दारी जाऊन एकटीच रडले.

पुढचे दिवस नानांनी उंचीचा छळ मांडला. आईच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावला. तिच्या पायाखाली पाट ठेवून पाहिला, मग दोन पाट ठेवून पाहिले. विटांचा एक थर काढून ओटा खाली घेतला. तरी भाकरी ती तशीच. त्यांचाही जीव रडकुंडीला आला होता हे मी आज कबूल करते. झोपेतही ते उंचीबद्दल बोलत. बायकोच्या सुखासाठी म्हणून केलेली वस्तू आणि तिच्यासमोर बायको अवघडून उभी, हे त्यांना बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी चिंधा मिस्त्रीला पुन्हा बोलावलं आणि खडूनं विटांवर रेघ मारून सांगितलं, "आणखी एक थर तोड." मिस्त्रीनं हातोडा उचलला.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. ती दारात उभी होती, दोन्ही हात पदराखाली. "उंची बराबर शे. मी डावरी शे."

मिस्त्रीचा हातोडा हवेत तसाच. नानांनी खडू कानावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आपल्या शुद्ध मराठीत त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"जलमपासून," आई म्हणाली.

मिस्त्रीला हसू आवरेना, तो विडीच्या निमित्तानं बाहेर पळाला. मलाही हसू येत होतं. नाना म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?" आई म्हणाली, "तुम्ही इचारं नही." आणि मग तिनं बोली बदलली, नानांना नीट कळावं म्हणून असेल, आणि पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलली, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याही बोटांवर पट्टी मारली असती." तिनं डावा हात पदराबाहेर काढून पुढं धरला. "मारायची तर आता मारा."

नाना ओसरीवर जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत. बायकोनं फसवलं याचं दुःख त्यांना होतं, की स्वतःच्या नजरेनं फसवलं याचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा कौल नजरेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात रांगोळी काढायला बसली तेव्हा नाना उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. एरवी ते उठायच्या आत रांगोळी काढून झालेली असायची आणि सायकल काढताना ते रोज म्हणायचे, "रेषेत दोष नाही." आईला चाहूल लागली. तिचा डावा हात क्षणभर थबकला. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, बदलू नको, बदलू नको. तिनं हात बदलला नाही. पानं भरली, त्यांच्या शिरा काढल्या, सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या. नाना म्हणाले, "रोज बघत होतो मी हे. रोज." मग खाली उकिडवे बसून म्हणाले, "नाव लिही. या हातानं." आईनं चिमटीतल्या रांगोळीनं लिहिलं, कमल. काय अक्षर होतं ते! शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला नाना ज्या मुलांना निवडायचे त्यांच्यापेक्षा सरस. नाना अक्षराच्या आणखी जवळ सरकले. त्यांचे डोळे भरले होते. आता काहीतरी फार मोठं बोलणार असं मला वाटलं, तेवढ्यात गवळ्याची सायकल आली आणि मधल्या अक्षरावरून गेली.

ओट्याचं काय करायचं? फरशा उलटून डावीकडं नेता येईनात, कारण कडप्प्याची खालची बाजू खडबडीत. नुसत्या फिरवल्या तर तिरकं टोक नको त्या अंगाला येतं. सरळ जोड असता तर उचलून इकडचं तिकडं ठेवलं असतं की झालं. मिस्त्री हे दिवसातून दोनदा ऐकवायचा. नाना पुन्हा पुठ्ठे घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी मार्ग काढला. दोन्ही फरशांची तिरकी टोकं सरळ कापून टाकायची. त्यातून दोन त्रिकोण निघतात. ते दोन त्रिकोण समोरासमोर जुळवले की एक चौकोन होतो, आणि नव्या कोपऱ्यात नेमकी तेवढीच जागा मोकळी राहते. एक तुकडा वाया गेला नाही. ओटा डावीकडं वळला, गॅस उजव्या भिंतीला गेला. फक्त जिथं एक सांधा होता तिथं तीन झाले, दोन सरळ आणि त्यांच्यामध्ये एक तिरका, आणि तिन्ही आंधळ्यालाही दिसतील असे. मिस्त्रीनं सिमेंटचा हात फिरवताना विचारलं, "काय मास्तर, दिसस का सांधा?" नाना म्हणाले, "दिसू दे."

आईनं त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर मिठाची बरणी ठेवली आणि भाकरी थापायला घेतली. तिचे दोन्ही हात आता एकाच घरात राहायला आले होते. पाहुणे विचारायचे, "कोपरा असा का हो?" तर नाना गंभीरपणे सांगायचे, "डिझाईन आहे ते." शाळेतल्या पट्टीचं म्हणाल तर ती लगेच सुटली नाही. पण त्यांच्या वर्गात आमच्या गल्लीतली एक डावरी मुलगी होती, ती सांगायची की मास्तर आता पेन्सिल काढून घेत नाहीत, नुसते बाजूला उभे राहून मोठा सुस्कारा सोडतात. वाढणं मात्र आई आजही उजव्याच हातानं करते. आबांचा शब्द होता तो.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझ्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर. आई-नाना आता माझ्याकडंच असतात. मी साठीला आले तरी दोघं मला बेबीच म्हणतात. आई या वयातही भरीत दुसऱ्या कुणाला करू देत नाही, म्हणून मी जुना ओटा काढून नवा करायला घेतला. परवा दुकानातून एक तरुण आला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. कडप्पा हा शब्द त्यानं ऐकल्यासारखाही दाखवला नाही. बोटानं चित्रं सरकवत त्यानं मला असंख्य रंग दाखवले, सगळे पांढरे. वर म्हणाला, "मॅडम, सांधा अजिबात दिसणार नाही." आणि मग सहज, पुढचा प्रश्न म्हणून त्यानं विचारलं, "मेन युजर राइट हँडेड की लेफ्ट हँडेड?"

नाना आरामखुर्चीत पेंगत होते. कानाला यंत्र आहे, पण ते बहुधा बंदच असतं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या आधी उत्तर दिलं, एवढ्या मोठ्यानं की तो पोरगा दचकला. "डावरी आहे ती," ते म्हणाले. "जन्मापासून." हा शोध आपणच लावला अशा थाटात त्यांनी आमच्या सगळ्यांकडं पाहिलं.

आई आत लसूण सोलत होती. तिथूनच म्हणाली, "यास्ले बठ्ठं माहीत शे." म्हणजे, यांना सगळं माहीत आहे.